वीरांचे उसने चेहरे

“चित्र मूळ माणसासारखें आहे कीं नाहीं, हें पाहतो कोण? तें पाहून ऊर भरून आला म्हणजे झालें!” हा सिद्धांत आपल्याकडे इतका रूढ होऊन बसला आहे कीं, त्याविरुद्ध चकार शब्द काढणारा मनुष्य एक तर अरसिक ठरतो, नाहीं तर स्वाभिमानाला पारखा झालेला. हे दोन्ही शिक्के पत्करून प्रस्तुत लेखक आज त्या सिद्धांताशीं चार हात करणार आहे. घराघरांतून, शाळांच्या भिंतींवरून, दिनदर्शिकांतून आणि आतां रस्त्यारस्त्यांवरील फलकांतून ज्या मराठी सेनानींचीं छापील चित्रें आपल्याकडे पाहत असतात, त्यांपैकीं पुष्कळांचे चेहरे त्यांचे स्वतःचे नाहींत. कोणाचे तरी उसने आहेत. उसना चेहरा लावणें हा गुन्हा, असें आमचें म्हणणें नाहीं. तो उसना आहे हें न सांगणें हा गुन्हा आहे. आणि त्या गुन्ह्यापायीं, सुदैवानें जे चार-दोन खरे चेहरे आपल्यापर्यंत पोंचले आहेत तेच आपल्याला परके वाटूं लागावेत, हें त्याहून मोठें नुकसान आहे.

आपल्याकडील छापील वीरचित्रांचा उगम ज्या हेतूनें झाला तो हेतु थोर होता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा छापखाना काढला. तो काळ ध्यानांत घ्यावा. शाळेंत जाणाऱ्या मुलाला इंग्रज इतिहासकार सांगत होता कीं, तुझे पूर्वज लुटारू आणि कारस्थानी होते; आणि त्या मुलाच्या घरीं या आरोपाला मुक्यानें कां होईना, पण उत्तर देईल असें एखादें चित्र क्वचितच आढळे. सरदारांच्या वाड्यांतील भिंती रंगलेल्या असत. सामान्य गृहस्थाला तें वैभव कोठून? चित्रशाळेनें रामपंचायतन छापलें, नाना फडणवीस छापले, शिवछत्रपति छापले, आणि तीं चित्रें मध्यम स्थितीच्या घरांत नेऊन पोंचविलीं. ही करामत शिळाछापाची. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईनें उलटी आकृति काढावयाची, दगड ओला करावयाचा आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा; ओल्या भागावर शाई धरत नाहीं, आकृतीवर तेवढी धरते. रंग जितके, दगड तितके. आणि सर्व दगड एकमेकांशीं केसभरहि न चुकतां जुळले पाहिजेत. पुढें १८९४ सालीं राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईंत निघाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यानेंहि लक्ष्मी-सरस्वतींच्या बरोबर शिवछत्रपतींना घोड्यावर बसवून घरोघर पाठविलें. हीं चित्रें निघालीं नसतीं, तर आमच्या आज्यापणज्यांच्या मनांतला इतिहास बिनचेहऱ्याचाच राहिला असता.

अंथुर्ण्याच्या आमच्या जुन्या घरांत माजघराच्या दारावर काचेच्या चौकटींत नाना फडणवीस होते. नवी सून घरांत आली म्हणजे देवांना नमस्कार करून झाल्यावर नानांनाहि करावयास तिला सांगत, आणि ती बिचारी हे कोणते देव म्हणून न विचारतां करी. तो कृश, लांबट, झोंप न झालेल्या कारभाऱ्याचा चेहरा आम्हांला अजून दिसतो. त्यांत शौर्याचा आव मुळींच नव्हता. आणि मौज अशी कीं, तो चेहरा नानांच्या खऱ्या चेहऱ्यापासून फार दूर गेलेला नव्हता! कारण नाना हे ज्यांचें समोर बसवून काढलेलें चित्र उपलब्ध आहे अशा थोड्या भाग्यवंतांपैकीं एक. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षीं पुण्यास येऊन रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयानें काम करूं लागला. त्यानें सवाई माधवराव, नाना आणि महादजी शिंदे यांचीं तैलचित्रें काढलीं; गंगाराम तांबट हा आपला मराठी चित्रकार त्याच्या हाताखालीं होता. तरुण पेशवे व त्यांच्या शेजारीं नाना असें १७९२ चें मोठें चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्स १७९५ त वारला. त्याच वर्षीं सवाई माधवरावहि गेले. तीनचार वर्षांचा तो अवधि. पण तेवढ्यांत पेशवाईच्या अखेरच्या कर्त्या माणसांचे चेहरे काळाच्या तडाख्यांतून सुटले.

असें भाग्य सर्वांच्या वांट्याला येत नाहीं. मग छापखानेवाला काय करतो? तो चेहरा उसना घेतो. ही विद्या आपण विलायतेकडून शिकलों. सतराव्या शतकांत प्येर लोंबार नांवाच्या फ्रेंच खोदकारानें व्हॅन डाइकच्या चित्रावरून घोड्यावरील स्वाराचा एक ताम्रपट तयार केला. घोडा तोच, चिलखत तेंच, मागें उभा असलेला हुजऱ्याहि तोच. डोकें मात्र राजकारणाच्या वाऱ्याबरोबर बदलत गेलें. त्या एकाच धडावर केव्हां क्रॉमवेलचें डोकें बसलें, केव्हां फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें, तर केव्हां ज्याचा क्रॉमवेलच्या पक्षानें शिरच्छेद केला त्या पहिल्या चार्ल्सचें! मधल्या एका अवस्थेंत डोकें खरवडून काढलेलें आणि नवें अजून बसविलेलें नाहीं. त्या छापाला संग्राहक ‘बिनडोक्याचा स्वार’ म्हणतात. या धंद्याचें याहून बोलकें बोधचिन्ह आम्हांला तरी सांपडलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतलें. १७७५ सालीं लढाईला तोंड लागलें आणि लंडनच्या गिऱ्हाइकाला बंडखोर सेनापति दिसतात तरी कसे याचें कुतूहल वाटूं लागलें. त्यांचीं चित्रें तर कोणाजवळच नव्हतीं. पण मागणी आली म्हणजे माल निघालाच पाहिजे! सी. शेफर्ड या नांवानें सप्टेंबर १७७५ त जनरल वॉशिंग्टनचें घोड्यावरील चित्र लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्याच मालिकेंत पटनम, गेट्स, आर्नोल्ड, सलिव्हन अशी सेनानींची रांगच निघाली. वॉशिंग्टनच्या चित्राखालीं बेधडक छापलें होतें कीं, व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्गच्या अलेक्झांडर कॅम्बेल यानें हें समक्ष पाहून काढलें आहे. त्याची एक प्रत खुद्द वॉशिंग्टनच्या हातीं गेली. जानेवारी १७७६ मध्यें जोसेफ रीड याला लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो कीं, हा कॅम्बेल आपण जन्मांत कधीं पाहिलेला नाहीं; पण त्यानें सरसेनापतीच्या मुद्रेंत दहशत मात्र भरपूर भरली आहे. हा टोमणा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचें काम पुढें आहे.

आतां आपल्या घरचें पाहूं. १८५७ च्या उठावांत नानासाहेब पेशव्यांचें नांव इंग्लंडांत घरोघर झालें. त्यांच्यावर एक लाख रुपयांचें बक्षीस लागलें. परंतु त्यांचें विश्वसनीय चित्र इंग्रजांजवळ नव्हतें. तेव्हां लंडनच्या एका सुप्रसिद्ध सचित्र साप्ताहिकानें नानासाहेब म्हणून जें चित्र छापलें, तें कोणाचें होतें? विल्यम फोर्ब्स-मिचेल या सैनिकानें १८९३ त आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत तो सांगतो कीं, तें चित्र लष्कराला दाणागोटा पुरविणाऱ्या अयोध्याप्रसाद नांवाच्या एका कंत्राटदाराचें होतें, आणि तें छापखान्याला मिळालें तें जॉन लँग या बॅरिस्टराच्या संग्रहांतून. म्हणजे इंग्रजांचा सर्वांत मोठा शत्रु म्हणून विलायतेंत जो चेहरा दांतओठ खाऊन पाहिला गेला, तो इंग्रजांच्याच फौजेला रसद पुरविणाऱ्या गृहस्थाचा! एका चित्रावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें असा मग त्याचा वंश वाढत गेला. इकडे सरकारी अंमलदार वर्षानुवर्षें कोठल्या तरी गोसाव्याला नानासाहेब समजून पकडीत आणि सोडून देत राहिले. १८७४ सालीं ग्वाल्हेरीस शिंद्यांनीं धरून दिलेला मनुष्य हा त्यांतला विशेष गाजलेला. खरा चेहरा ज्यांच्या मनांत होता ते बोलले नाहींत, आणि ज्यांना बोलावयाचें होतें त्यांच्याजवळ चेहरा नव्हता.

हाच जॉन लँग आणखी एका मराठी चेहऱ्याच्या इतिहासांत डोकावतो, आणि तेथें मात्र तो उपयोगाचा साक्षीदार आहे. झांशीचें संस्थान खालसा झाल्यावर १८५४ त राणी लक्ष्मीबाईंनीं सल्ल्यासाठीं त्याला बोलावून घेतलें होतें. त्या पडद्याआड होत्या. लहानग्या दत्तकपुत्रानें पडदा बाजूला सारला, तेव्हां लँगला त्यांचें ओझरतें दर्शन झालें. त्यानें पुढें जें लिहिलें त्यांत मध्यम उंची, किंचित् स्थूल बांधा, गोल चेहरा आणि सुरेख डोळे आहेत. रंग फार गोरा नाहीं व काळाहि नाहीं. अंगावर साधें पांढरें मलमलीचें वस्त्र, आणि दागिना म्हणावा तर कानांत सोन्याचीं कुडीं. वेढ्याच्या दिवसांत झांशींत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीहि बाईंना पाहिलें होतें. त्यांचें ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतल्या बाई केव्हां पुरुषी पोशाखांत, केव्हां साध्या पांढऱ्या लुगड्यांत दिसतात. आतां या दोन साक्षी बाजूला ठेवून बाजारांतलें चित्र घ्या. अंगभर दागिने, भरजरी शालू, नटीसारखा रेखीव चेहरा, आणि शालूची चुणीहि न विसकटतां उधळलेला घोडा! एका विधवा राजस्त्रीनें पांढऱ्या वस्त्रांत बसून बॅरिस्टराशीं कायद्याचा काथ्याकूट केला आणि तो फुकट गेल्यावर तलवार हातीं घेतली, यांत जें धैर्य आहे तें त्या शालूंत कोठें आहे? चित्रकारानें बाईंना सुंदर केलें. मोठें केलें असें आम्हांला वाटत नाहीं.

प्रतिपक्षाचा मुद्दा येथें नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाहीं. खुद्द नेपोलियननें तो मांडला आहे, असें सांगतात. आल्प्स ओलांडतांनाचें आपलें चित्र काढणाऱ्या दाव्हीदनें समोर बसण्याची विनंति केली, तेव्हां नेपोलियननें ती झिडकारली. थोर पुरुषांचीं चित्रें त्यांच्यासारखीं आहेत कीं नाहींत हें कोणी पाहत नाहीं, त्यांची प्रतिभा त्यांत असली म्हणजे पुरे, असा त्याचा आशय. मग दाव्हीदनें त्याला उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसविलें. वस्तुतः तो घाट त्यानें खेंचरावर बसून ओलांडला होता. आपल्याकडचे मित्र याच्याहि पुढें जातात. ते म्हणतात, “रामाचें चित्र हुबेहूब आहे का, असें तुम्ही विचारतां का? मग वीरांच्याच बाबतींत ही पंतोजीगिरी कशाला?”

नेपोलियनला उत्तर देण्याचें कारण नाहीं. तो जिवंत होता, सत्ताधीश होता आणि स्वतःची जाहिरात करीत होता. मित्रांना मात्र उत्तर दिलें पाहिजे. राम हा आमचा देव आहे. त्याच्या रूपाला पुरावा लागत नाहीं, भक्ति लागते. पण महादजी शिंदे देव नव्हते. ते पानिपतावर लढले, १७६१ च्या त्या लढाईच्या दिवशीं पळतां पळतां एका अफगाण स्वाराचा घाव पायावर घेऊन खाईंत पडले, आणि राणेखान नांवाच्या भिस्त्यानें आपल्या बैलावर घालून त्यांना वाचविलें. तो पाय जन्माचा अधू झाला. राणेखानाला त्यांनीं भाऊ मानलें आणि पुढें सरदारकी दिली. दिल्लीच्या पातशहाला हातीं धरून उत्तर हिंदुस्थानचें राजकारण हलविणारा पुरुष लंगडत होता. वेल्सच्या चित्रांत तो स्थूल आणि सावळा आहे, आणि नजर अशी कीं समोरच्या माणसाचा हिशेब मनांत चाललेला आहे. आतां छापखानेवाल्यानें त्याला सडपातळ, गोरा आणि धडधाकट करून रिकिबींत ताठ उभा केला, तर त्यानें महादजींना देखणें केलें हें खरें. पण त्याबरोबर पानिपत पुसलें, राणेखान पुसला, आणि पराभवांतून पुन्हां उभें राहण्याची तीस वर्षांची कथाहि पुसली. यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदुकीच्या अपघातांत गेलेला होता. त्याच एका डोळ्यानें १८०२ त त्यांनीं हडपसरच्या मैदानावर शिंदे आणि पेशवे या दोघांच्या फौजा उधळलेल्या पाहिल्या. दुसरा डोळा त्यांना परत देण्याचा अधिकार चित्रकाराला कोणी दिला? चेहरा हाहि एक कागद आहे. दप्तरांतल्या कागदावर खाडाखोड केली तर आपण तिला बनावट म्हणतों. चेहऱ्यावर केली तर स्फूर्ति म्हणतों!

आतां सर्वांत नाजूक विषयाकडे वळलें पाहिजे. शिवछत्रपतींच्या चित्रांविषयीं बोलतांना माणसें आवाज खालीं आणतात, आणि तें योग्यच आहे. पण आदर म्हणजे चौकशीला बंदी नव्हे. महाराजांच्या हयातींतलीं किंवा त्यांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत काढलेलीं कांहीं चित्रें आज युरोपांत सुरक्षित आहेत. मनूची या इटालियन प्रवाशानें मीर महंमद या चित्रकाराकडून तयार करविलेल्या चित्रसंग्रहांत महाराज घोड्यावर आहेत. तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. ॲमस्टरडॅमच्या रिक्स म्यूझियममधील विटसेनच्या संग्रहांत एक दख्खनी चित्र आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें एक आहे. डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या १७२६ च्या ग्रंथांत एक खोदचित्र छापलेलें आहे, तर इंग्रज इतिहासकार ऑर्म याच्या १७८२ च्या पुस्तकांत आणखी एक. आपल्याकडे या शोधाचें मोठें श्रेय वा. सी. बेंद्रे यांचें. महाराजांचें म्हणून जें एक चित्र बेलाशक छापलें जात होतें तें इब्राहीमखानाचें आहे असें दाखवून त्यांनीं १९३३ च्या सुमारास व्हॅलेंटाइनच्या परंपरेंतलें चित्र पुढें आणलें. म्हणजे एका परक्या सरदाराचा चेहरा आपण तोंवर भक्तिभावानें पुजीत होतों!

हीं जुनीं चित्रेंहि महाराजांना समोर बसवूनच काढलीं, असें म्हणण्याला आधार नाहीं. पण त्यांच्यांत एकमेकांशीं मेळ आहे. निमुळती दाढी, लांब सरळ नाक, मोठे डोळे आणि बेताचा बांधा. आणि ओंठांवर पुसटसें स्मित. १६६४ सालीं सुरतेच्या इंग्रज वखारींतला पाद्री एस्कॅलियट यानें महाराजांना पाहिलेल्या लोकांच्या तोंडून ऐकून जें वर्णन लिहिलें, तेंहि हेंच सांगतें: उंची बेताची, देह ताठ व चपळ, नजर तीक्ष्ण, वर्ण सोबतच्या लोकांहून उजळ, आणि बोलतांना हंसल्यासारखा चेहरा. १६७४ च्या राज्याभिषेकांत सुवर्णतुला झाली तेव्हां इंग्रज वकील ऑक्झिंडेन यानें सुमारें १६,००० होन भरल्याचें नमूद केलें आहे. तें वजन कांहीं आखाड्यांतल्या मल्लाचें नव्हे. आतां रस्त्यावरच्या फलकाकडे पाहा. छाती मल्लाची, भुवया वर चढलेल्या, डोळे लाल, मागें आगीचे लोळ. वॉशिंग्टनचा टोमणा आठवा. शत्रूच्या राजधानींतल्या छापखान्यानें त्याच्या तोंडावर दहशत फांसली होती. येथें ती आपणच आपल्या राजाच्या तोंडावर फांसतों आहों. ज्यानें अफजलखानाला धीर देऊन जवळ आणलें, मिर्झाराजांशीं तह केला आणि आग्र्याच्या कैदेंतून शांत डोक्यानें वाट काढली, तो पुरुष सदा डोळे वटारून बसत असेल काय? तें हंसणें हें त्यांच्या मुत्सद्देगिरीचें शस्त्र होतें; आपण तें काढून घेतलें आणि त्या जागीं नाटकांतल्या पात्राचा राग चिकटविला.

येथें एक भेद केला पाहिजे. महाराष्ट्र शासनानें १९७० सालीं कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनीं काढलेलें चित्र अधिकृत म्हणून स्वीकारलें. तें संयमी आहे, त्यांत भडकपणा नाहीं, आणि कचेरींत कोणतें चित्र लावावें या प्रश्नाला राज्याला कांहीं तरी उत्तर हवेंच होतें. आमची तक्रार त्या चित्राबद्दल नाहीं. अधिकृत आणि समकालीन हे दोन शब्द एकच, असें समजणाऱ्या शिक्षकांबद्दल आहे.

भडकपणा कोठवर जातो हें पाहावयास पुण्यामुंबईस जाण्याची गरज नाहीं. अंथुर्णें हें बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचें, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणारें गांव. इंदापूर परगणा भोसल्यांच्या जहागिरींतला, आणि शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले. कोणत्या सालीं, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. पण जागेविषयीं या भागाला संशय नाहीं. तेव्हां फेब्रुवारींत शिवजयंतीच्या फलकांवर महाराजांच्या मागें शहाजीराजे व मालोजीराजे असावेत, हें ओघानेंच आलें. मालोजीराजांचें समकालीन चित्र उपलब्ध नाहीं. म्हणून असे फलक छापणाऱ्या एका तरुणाला आम्ही विचारलें, “हा चेहरा तुला कोठें मिळाला?” तो मोकळेपणानें म्हणाला, “सर, शहाजीराजांचाच घेतला. मिशा तेवढ्या पांढऱ्या केल्या. बापलेक सारखेच दिसत असणार कीं!” त्याचा तर्क वाईट नव्हता. आम्हीं पुन्हां विचारलें, “आणि शहाजीराजांचा कोठून घेतलास?” तेव्हां त्यानें मोबाइलकडे बोट दाखविलें. लोंबारचा बिनडोक्याचा स्वार साडेतीनशें वर्षांनीं नीरेकांठीं येऊन पोंचला होता! त्या तरुणावर आमचा राग नाहीं. त्याला गिऱ्हाइकानें चेहरा मागितला आणि त्यानें दिला. राग आहे तो त्याच फलकाचें छायाचित्र शाळेच्या भिंतीवर लावून त्याखालीं “मालोजीराजे भोसले” एवढेंच लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंवर. मुलगा तें वाचतो, आणि परीक्षेंतलें उत्तर पाठ करावें तसा तो चेहरा पाठ करतो. पुढें महाविद्यालयांत कोणी त्याला खरें चित्र दाखविलें तर तो म्हणतो, “हे ते नव्हेत!” हें वाक्य आम्हीं वर्गांत ऐकलें आहे. मनूचीच्या संग्रहांतल्या चित्राची प्रत फळ्यावर लावली होती, बी. ए. च्या वर्गांतल्या एका हुशार विद्यार्थ्यानें हें महाराजांचा अपमान करण्यासाठीं काढलेलें चित्र आहे काय, असें विचारलें.

आणि आतां तर कंत्राटदाराच्या चित्राचीहि गरज उरलेली नाहीं. संगणकाला चार शब्द सांगितले कीं, तो पाहिजे त्या वीराचा पाहिजे तसा चेहरा, कातडीवरच्या छिद्रांसकट, छायाचित्राइतका खरा भासेल असा काढून देतो. शिळाछापाच्या चित्राकडे पाहतांच हें कोणीं तरी हातानें काढलें आहे हें कळे. त्या हाताच्या मर्यादाच पाहणाराला सावध करीत. ही सावधगिरी नव्या यंत्रानें काढून घेतली. पूर्वीं चित्रावर विश्वास ठेवावा लागे. आतां अविश्वास शिकवावा लागेल, आणि तो शिकविणार कोण? ज्यांनीं मालोजीराजांच्या नांवाखालीं शहाजीराजांचा चेहरा लटकविला ते?

कोणाचें चित्र जप्त करावें, कोणाचा फलक उतरवावा, असलें कांहीं आम्हांला सुचवावयाचें नाहीं. तसल्या उपायांनीं चित्रापेक्षां गुंडांचेंच फावतें. काल्पनिक चित्रें खुशाल निघावीत. चांगला चित्रकार कल्पनेनें जें पाहतो तें पुष्कळदां दप्तरांत सांपडत नाहीं. फक्त चित्राखालीं एक ओळ असावी. कोणीं काढलें, केव्हां काढलें, कशावरून काढलें. आणि कशावरूनहि नसेल तर “काल्पनिक” हा एक शब्द. पाठ्यपुस्तकांत तरी ही ओळ सक्तीची असावी. पुस्तकांत सनावळीची एक चूक निघाली तर वर्तमानपत्रांत गदारोळ होतो; चेहरा सबंध चुकला तर कोणाला दादहि नसते.

दुसरें काम याहून सोपें आहे, पण तें कोणीं केलेलें नाहीं, म्हणून येथें लिहितों. पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील महाराजांचीं चित्रें, वेल्सचे नाना, महादजी व सवाई माधवराव, यांच्या चांगल्या रंगीत प्रती शाळांना परवडतील अशा किंमतींत छापून तालुक्यातालुक्यांत पोंचवाव्या. १८७८ सालीं एका खासगी छापखान्याला दगडावर जें करतां आलें, तें आज एखाद्या संस्थेला किंवा सरकारला जड जाऊं नये. अंथुर्ण्याच्या शाळेसाठीं अशा सहा प्रती आम्हीं स्वतः करवून घेतल्या आहेत, आणि मुख्याध्यापकांनीं त्या लावण्याचें कबूल केलें आहे. सातवी चौकट मालोजीराजांची. तींत कोरा कागद राहील व खालीं नांव, इंदापूर, आणि “समकालीन चित्र उपलब्ध नाहीं” एवढे शब्द. मुख्याध्यापकांना ती चौकट पसंत नाहीं. कोरी चौकट पाहून पालक हंसतील, असें त्यांचें म्हणणें. तिचा वाद अद्याप चालू आहे.